तिसऱ्या आग्रहाचं विमान

आमच्या नॉर्डबी गावात कुणी "कॉफी घेणार?" असं विचारलं, तर पहिल्यांदा नको म्हणायचं असतं. दुसऱ्यांदा विचारलं तर "कशाला उगाच त्रास" म्हणायचं. तिसऱ्यांदा विचारलं की "बरं, केलेलीच असेल तर अर्धा कप" असं म्हणून दोन मग रिचवायचे. पहिल्याच विचारण्याला हो म्हणणारा माणूस एक तर उपाशी असतो, नाहीतर बाहेरचा, न्यूयॉर्क-बियॉर्ककडचा. मिनेसोटात सगळीकडेच हे थोडंफार चालतं, पण नॉर्डबीत जरा जास्तच. वड्यांच्या ताटातली शेवटची वडी आमच्याकडे कुणी उचलत नाही. एक जण येऊन तिची अर्धी तोडतो, दुसरा उरलेल्याची अर्धी तोडतो, आणि शेवटी जो चुरा उरतो तो यजमानीणबाई सगळ्यांच्या देखत सिंकमध्ये धुऊन टाकते.

ऑर्व्हिल ट्वेट म्हणजे या बाबतीत गावाचं भूषण. जिल्हा कचेरीत वाहन परवान्याच्या खिडकीमागे त्याचा जन्म गेला. समोरच्या रांगेत कुणी घुसलं की हा मान वर न करता म्हणायचा, "मागे." एकदा खुद्द जिल्ह्याचा शेरीफ घुसला होता, तोही गेला मागे. आता निवृत्त झाला तरी दुकानाच्या दारात ऑर्व्हिल दिसला की समजायचं, दार धरून उभा आहे आणि अजून आत गेलेला नाही. बायको मार्लिस दूध घेऊन बाहेर येते, तोवर हा तिथेच.

त्याची एकुलती एक मुलगी सिग्नी नॉर्वेला बर्गनमध्ये राहते. तिकडे शिकायला गेली, आर्ने नावाच्या तिकडच्या मुलाशी लग्न केलं आणि तिथलीच झाली. आम्हा सगळ्यांचे पणजे नॉर्वेहूनच आलेले, त्यामुळे गावाला वाटलं, चला, मुलगी घरच्याच माणसांत गेली. सिग्नी दर वर्षी फोन करायची, "बाबा, या उन्हाळ्यात ये ना." ऑर्व्हिल म्हणायचा, "छे, तुमची कशाला अडचण." पुढच्या फोनला परत ती, परत तोच नकार. असं करता करता एका वर्षी तिने बोलावणंच बंद केलं. ऑर्व्हिलला ते लागलं. पण लागलं हे सांगणार कुणाला? सांगणं म्हणजे पुन्हा मागणंच की.

मग सिग्नीला मुलगी झाली. नाव ठेवायचं ठरलं थोरा, ऑर्व्हिलच्या आईचं. बाप्तिस्मा जूनमधल्या एका रविवारी सकाळी. सिग्नीने फोन केला तेव्हा आवाजात नेहमीचं हसू नव्हतं.

"बाबा, आजीने शिवलेला तो बाप्तिस्म्याचा झगा घेऊन ये. आणि बाळाला हातात घेऊन पुढे तू चालावंस असं मला वाटतंय."

"अगं, तो मान दुसऱ्या कुणाला द्या. आर्नेला द्या. मी आपला मागे—"

"ठीक आहे, आर्ने चालेल," सिग्नी म्हणाली. ऑर्व्हिल दुसऱ्या विचारण्याची वाट बघत फोन धरून राहिला. ते आलंच नाही. आलं ते वेगळंच. "पण बाबा, या वेळी नाही आलास ना, तर मी परत कधी बोलावणार नाही. रागाने नाही म्हणत. दमले मी आता."

ऑर्व्हिल म्हणाला, "बघू, जमेलसं वाटतंय." आमच्या भाषेत ही उडी मारून दिलेली होकाराची आरोळी झाली. पण सिग्नीला ती कितपत ऐकू गेली कोण जाणे. मार्लिसने फोन हिसकावून घेतला आणि सांगितलं, "येतोय गं आम्ही. झगा घेऊन येतोय."

तिकिटं काढायला ऑर्व्हिल तालुक्याच्या गावी प्रवास कंपनीत गेला. तिथल्या मुलीने संगणकावर बघून सांगितलं, "शनिवारी सकाळी ॲमस्टरडॅमला उतरायचं, तिथून पुढचं विमान बर्गनला. मध्ये पंचावन्न मिनिटं मिळतात. विमानतळ मोठा आहे हो, जरा कमीच वाटतात. आणखी शोधू का?"

शोध म्हणायला काय जात होतं? पण त्या मुलीचं जेवण टेबलावर तसंच पडलं होतं, सँडविचचा एकच घास खाल्लेला. ऑर्व्हिल म्हणाला, "नको नको, चालेल." मुलीने बटण दाबलं. एक दिवस आधीचं तरी घ्यायचं, असं मार्लिस नंतर म्हणाली, तर म्हणे पाहुण्याने दोन दिवस आधी जाऊन बसलं की घरच्यांना अवघडल्यासारखं होतं. स्वतःच्या मुलीच्या घरी हा पाहुणा!

रविवारी चर्चच्या तळघरात कॉफीला ही बातमी फुटली आणि गावाला विषय मिळाला. ड्वेन ब्रॅटलंड एकदा गुडघ्याच्या ऑपरेशनआधी जर्मनीला जाऊन आला होता, त्यामुळे युरोपातले विमानतळ हा त्याचा घरचा विषय.

"पंचावन्न मिनिटं?" ड्वेनने कप खाली ठेवला. "अरे, तिथे एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जायला मधे मुक्काम करावा लागतो. तीन गोष्टी लक्षात ठेव. मधल्या वाटेजवळची खुर्ची घे. दुकानांकडे बघायचं नाही. आणि चेहरा घाईचा ठेव."

"घाईचा म्हणजे कसा?"

ड्वेनने करून दाखवला. आर्डिस नावाच्या आमच्या वड्यावाल्या बाईंना वाटलं त्याला ठसका लागला, त्या पाणी घेऊन धावल्या. ऑर्व्हिलने आठवडाभर आरशासमोर तो चेहरा बसवायचा प्रयत्न केला. मार्लिस म्हणाली, "यापेक्षा तुझा नेहमीचा बरा. याने तर पोलीस धरतील." आर्डिसबाईंनी स्वतःहून पीनट बटर-चॉकलेटच्या वड्यांचा मोठा डबा बांधून दिला, तोही ऑर्व्हिलने दोनदा परत केल्यावर.

ड्वेनच्याच डोक्यातून रंगीत तालमीची कल्पना निघाली. शहराजवळच्या त्या अवाढव्य मॉलमध्ये जायचं, एका टोकाचं दार म्हणजे विमान, दुसऱ्या टोकाचं दुकान म्हणजे बर्गनचं गेट, आणि बॅगा ओढत भराभर चालून बघायचं. ड्वेन घड्याळ घेऊन पलीकडच्या टोकाला उभा राहिला. मार्लिस पोहोचली, घामाघूम पण वेळेत. ऑर्व्हिलचा पत्ता नाही. पिझ्झा खाऊन झाला, तरी नाही. शेवटी दोघं शोधायला परत गेली तर हा पहिल्याच दाराशी, दार धरून, "या, या, आधी तुम्ही" करत उभा. शनिवारची गर्दी होती. मागे कुणी नसलेला एक जण सुटा दिसला की दार सोडायचं असं त्याने ठरवलं होतं, पण सुटा कुणी येईना.

"विमानतळावर दारं आपोआप उघडतात," ड्वेन मार्लिसला धीर देत म्हणाला.

निघायचा दिवस उजाडला. ड्वेनने आपल्या ट्रकमधून दोघांना मिनियापोलिसच्या विमानतळावर सोडलं. आमच्याकडे "चला, निघतो" म्हटल्यावर खऱ्या गप्पा सुरू होतात. आधी घरात, मग दारात, मग गाडीच्या खिडकीत डोकं घालून. तशा त्या विमानतळाच्या दाराशी फुटपाथवर सुरू झाल्या आणि पार ड्वेनच्या गुडघ्यापर्यंत पोहोचल्या, तेव्हा शिट्टी घेतलेल्या बाईने येऊन ट्रक काढायला लावला. नाहीतर ही गोष्ट तिथेच संपली असती.

झगा ऑर्व्हिलने स्वतःच्या हातातल्या बॅगेत ठेवला होता. त्याच्या आईने स्वतःच्या लग्नाच्या पांढऱ्या कापडातून तो शिवला होता. तो ऑर्व्हिलने घातला, त्याच्या बहिणीने घातला, सिग्नीने घातला. विमानात वर ठेवायची जागा होती तरी त्याने ती बॅग रात्रभर मांडीवर धरली.

आता ऐका. विमान ॲमस्टरडॅमला वेळेच्या आधी उतरलं. उशीर झाला, वादळ आलं, वैमानिक चुकला, असं काही सांगायची सोयच देवाने ठेवली नाही. वर हवाईसुंदरीने घोषणा केली, "ज्यांची पुढची विमानं लवकर आहेत त्यांना आधी उतरू द्या. बाकीच्यांनी कृपया बसून राहावं."

सगळं विमान उभं राहिलं. बसून राहिला एकटा ऑर्व्हिल.

"अरे, आपलंच लवकर आहे!" मार्लिस खिडकीपाशी अडकली होती.

"आपल्यापेक्षा कुणाचं तरी जास्त लवकर असेल," ऑर्व्हिल म्हणाला आणि तान्हं मूल घेतलेल्या बाईला वाट दिली. तिच्या मागून तिचा नवरा, त्याच्या मागून सासू, मग काठी घेतलेले एक गृहस्थ, जे त्याच्यापेक्षा लहानच असावेत, मग एक अख्खी फुटबॉलची टीम. टीमला ॲमस्टरडॅममध्येच राहायचं होतं. शेवटी साफसफाईची माणसं आत आली तेव्हा त्यांनाही तो वाट द्यायला लागला, तशी मार्लिसने त्याला मागून ढकललं.

विमानाच्या दाराबाहेर पिवळ्या जॅकेटमधली एक उंच बाई बर्गनची पाटी घेऊन उभी होती. शेजारी बॅटरीची गाडी.

"बर्गनचे? वेळ थोडा आहे. गाडीतून सोडू?"

"नको नको," ऑर्व्हिल हसून म्हणाला, "आम्ही चालू की."

"बरं," असं म्हणून बाई गाडीत बसली आणि निघून गेली.

ऑर्व्हिल बघतच राहिला. गाडी वळणावर दिसेनाशी झाली तरी त्याचा हात "बरं, तुम्ही एवढं म्हणताय तर" या वाक्यासाठी वर उचललेला तसाच होता.

"गेली की रे ती!" मार्लिस म्हणाली.

"एकदाच विचारलं," ऑर्व्हिल पुटपुटला. त्याला अगदी अपमान झाल्यासारखं वाटलं. कुणाच्या घरी जावं आणि त्यांनी पाण्याचा पेला समोर धरून लगेच मागे घ्यावा, यात काय सभ्यपणा?

मग दोघं चालायला लागली. ड्वेन खोटं बोलला नव्हता. एक लांबलचक वाट संपली की दुसरी, मधे सरकते पट्टे, पट्ट्यांवर "आधी तुम्ही" करायला भरपूर जागा. दुकानांकडे बघायचं नाही म्हणून ऑर्व्हिल खाली बघून चालला आणि एकदा चुकीच्या फाट्याला लागला. घाईचा चेहरा करून पाहिला, तर समोरून येणाऱ्या म्हातारीने विचारलं, "बरं वाटत नाही का?" तिला बरं वाटतंय हे सांगण्यात आणखी थोडा वेळ गेला.

पासपोर्टची रांग मारुतीच्या शेपटासारखी. एक माणूस दोरीपाशी उभा राहून ओरडत होता, "लवकरचं विमान असलेले इकडे या! इकडे!" बाजूची रांग जवळजवळ रिकामी.

"चल," मार्लिस म्हणाली.

"मार्लिस, एवढी माणसं आपल्या आधीपासून उभी आहेत."

"तो बोलावतोय!"

"तो सगळ्यांनाच बोलावतोय. आपल्याला असं नाही बोलावलं."

जन्मभर ज्याने "मागे" म्हटलं, त्याला पुढे जायला पाय उचलेना. मी त्याची बाजू घेत नाही, पण मला कळतं. अशा माणसाला तुम्ही एकदा जवळ जाऊन दंडाला धरून "अहो, या" म्हणावं लागतं, आणि तिथे कुणाला तेवढा वेळ नव्हता. रांगेतून खिडकीशी पोहोचल्यावर अधिकाऱ्याने विचारलं, "कुठे?" आणि आमच्या ऑर्व्हिलने, समोरचा एवढा कामात असूनही विचारतोय तर त्रोटक उत्तर देणं बरं दिसणार नाही म्हणून, पणजोबा कुठल्या बोटीने निघाले तिथपासून सुरुवात केली. अधिकाऱ्याने पणजोबा अर्ध्या समुद्रात असताना शिक्का मारला.

बर्गनच्या गेटवर पोहोचले तेव्हा दार बंद करायला मुलगी उभी होती.

"ट्वेट? नावं पुकारून पुकारून दमलो आम्ही. येणार नाही असं धरून तुमची एक जागा वेटिंगवाल्याला दिली. आता एकच उरलीय. कोण जातंय? लवकर सांगा."

ऑर्व्हिल मार्लिसला म्हणाला, "तू जा."

हे वाक्य म्हणताना त्याच्या मनात पुढचं सगळं तयार होतं. मार्लिस म्हणणार, "छे, तूच जा." तो म्हणणार, "असं कसं, तू तिची आई." मार्लिस म्हणणार, "पण झगा तुझ्याकडे आहे." मग तिसऱ्या आग्रहाला कुणीतरी मोठ्या मनाने जायचं, किंवा राहायचं. अख्ख्या संसारात असंच चालत आलं होतं.

मार्लिस म्हणाली, "बरं," आणि गेली.

हातातल्या पर्स आणि वड्यांच्या डब्यासकट दारातून आत गेली. मागे वळून एवढंच म्हणाली, "तू ये मागून. नक्की ये हं!" दार बंद झालं. झग्याची बॅग घेऊन ऑर्व्हिल काचेपाशी उभा राहिला. विमान मागे सरकलं, वळलं. नॉर्डबीतल्या बायकांनी पुढे मार्लिसला विचारलं, असं कसं गं सोडून गेलीस? ती म्हणाली, "तिथे आम्ही दोघं सभ्यपणा करत बसलो असतो तर अजून तिथेच असतो."

बदलीच्या तिकिटाच्या रांगेत दोन तास गेले. खिडकीवर लाल चष्म्याची एक बाई होती. तिने संगणकात बघितलं. "संध्याकाळचं बर्गन भरलंय. उद्या दुपारचं देते. चालेल?"

"चालेल," ऑर्व्हिल म्हणाला, आभार मानले, आणि बाजूला जाऊन बाकावर बसला. बसल्यावर त्याला कळलं की उद्या दुपारपर्यंत बाप्तिस्मा होऊन, केक कापून, भांडीसुद्धा घासून झालेली असतील.

तेवढ्यात फोन वाजला. सिग्नी होती.

"आई आली," ती म्हणाली. "एकटी. बाबा, खरं सांग, तुला यायचंच नव्हतं ना?"

"तसं नाही गं. एकच जागा होती, म्हटलं तिला—"

"नेहमी असंच काहीतरी असतं. मी बोलावते, तू नको म्हणतोस. आर्ने मला म्हणतो, नको म्हणतायत तर कशाला मागे लागतेस? मी त्याला सांगते, आमच्याकडे तीनदा विचारावं लागतं. मी तीनदा विचारलं बाबा. दर वर्षी मोजून तीनदा. तू तिसऱ्यांदाही नको म्हणालास."

जन्मभर जो नियम पाळला त्या नियमातसुद्धा ऑर्व्हिल नापास झाला होता. तिसऱ्यांदा हो म्हणायचं असतं, हे शेंबड्या पोराला कळतं. मग आपण का नाही म्हणालो? त्याला कारण ठाऊक होतं, फक्त ते आजवर त्याने स्वतःलाही सांगितलं नव्हतं.

"मला भीती वाटायची सिग्नी," तो म्हणाला. "तू तिकडे किती छान रमलीयस. वाटायचं, आपण गेलो तर कोपऱ्यात बसून राहू, आणि तुला कळेल की बाबाचा आता इथे काही उपयोग नाही."

पलीकडून नाक पुसल्याचा आवाज आला.

"तू काय उपयोगाला हवायस होय रे मला?"

"मला यायचंय," ऑर्व्हिल म्हणाला. शेजारच्या बाकावरची माणसं बघायला लागली इतक्या मोठ्याने म्हणाला. "मला फार यायचंय. मी येतो. आजच येतो, कसाही."

फोन ठेवून तो तडक त्या खिडकीपाशी गेला. म्हणजे तडक रांगेत गेला, स्वभाव काही एका फोनने जात नाही. पण नंबर आल्यावर त्याने बॅग खाली ठेवली आणि म्हणाला, "मला उद्याचं विमान नको. आजचंच हवं."

लाल चष्मेवाली म्हणाली, "मघाशी तुम्हीच चालेल म्हणालात."

"ते मी सभ्यपणाने म्हणालो."

"म्हणजे खोटं?"

ऑर्व्हिलने घसा खाकरला. "हो. खोटं."

"मग तसं सांगायचं ना," बाई अजिबात न रागावता म्हणाली. "आज जागा नाही. वेटिंगवर पहिलं नाव घालते. पण कुणीतरी जागा सोडली तरच. सहसा कुणी सोडत नाही."

"मी लोकांना विचारलं तर?"

"विचारायला काय बंदी आहे?"

बंदी नव्हती. बंदी असती तर किती बरं झालं असतं. दुपारभर ऑर्व्हिल संध्याकाळच्या गेटासमोर बसून मनात वाक्यं जुळवत राहिला. माणसं जमली, खुर्च्या भरल्या. तेव्हा तो उभा राहिला आणि म्हणाला, "माफ करा हं. कुणाची फार गैरसोय होणार नसेल, आणि कुणाला तसंही उद्या गेलं तरी चालण्यासारखं असेल, म्हणजे आग्रह अजिबात नाही—"

कुणीही फोनमधून मान वर काढली नाही. एका बाईला वाटलं हा काहीतरी विकतोय, तिने हातानेच नको म्हटलं. ऑर्व्हिल खाली बसला. कान तापले होते. असं भर माणसांत उघडं पडण्यापेक्षा परत नॉर्डबीला पायी गेलेलं परवडलं. त्याने बॅगेची चेन थोडी उघडली. आत आईने घातलेले बारीक टाके दिसले. चेन लावून तो पुन्हा उठला, आणि खिडकीमागून "मागे" म्हणायचा तो आवाज, तो खणखणीत सरकारी आवाज, त्याने बाहेर काढला.

"माझं नाव ऑर्व्हिल ट्वेट. उद्या सकाळी बर्गनला माझ्या नातीचा बाप्तिस्मा आहे. तिचा झगा या बॅगेत आहे. माझ्या चुकीने माझं विमान चुकलं. मला तुमच्यातल्या एकाची जागा हवी आहे. कोण देईल?"

सगळे फोन खाली आले. मग मागच्या ओळीतून मासे पकडायची काठी घेतलेला एक दाढीवाला उठला.

"माझी घ्या."

"हो!" ऑर्व्हिल म्हणाला. त्याचं "घ्या" पुरतं व्हायच्या आत म्हणाला. मग आपण काय केलं हे लक्षात येऊन त्याला घाम फुटला. "म्हणजे, तुमची खरंच अडचण होत नसेल तर—"

"कसली अडचण," दाढीवाला म्हणाला. "घरी सासूबाई आल्यात. मला उद्या दुपारचं फार सोयीचं आहे."

ऑर्व्हिलला त्याला वड्या द्यायच्या होत्या, पण वड्या बर्गनला पोहोचल्या होत्या. मग त्याने त्याचा हात धरून इतका वेळ हलवला की शेवटी गेटवाल्या मुलीनेच तो सोडवला.

बर्गनला पाऊस पडत होता. सिग्नी बाहेर उभी होती, कुशीत गुंडाळलेलं बाळ, बाजूला मार्लिस. ऑर्व्हिल जवळ आला आणि म्हणाला, "झगा आणलाय."

"चुलीत घाल तो झगा," सिग्नी म्हणाली आणि बाळासकट त्याच्या गळ्यात पडली.

दुसऱ्या दिवशी चर्चच्या पायऱ्यांवर सगळे जमले. थोरा झग्यात जवळजवळ हरवली होती, खाली हातभर कापड लोंबत होतं. घंटा वाजायला लागली. आर्नेने बाळाला घेण्यासाठी हात पुढे केले, तेवढ्यात सिग्नी वडिलांकडे वळली. मार्लिस सांगते, पोरीने रात्रभर जागून दुसऱ्या आणि तिसऱ्या आग्रहाची वाक्यंसुद्धा ठरवून ठेवली होती.

"बाबा, तू घेऊन चालशील का तिला? म्हणजे तुला जर—"

"हो," ऑर्व्हिल म्हणाला.

सिग्नीचं तोंड उघडंच राहिलं. उरलेली वाक्यं तिला कुठे ठेवावीत कळेना, ती हसायला लागली आणि हसता हसता तिचे डोळे भरले. आर्नेला यात विशेष काय ते समजलं नाही. विचारलं, हो म्हणाले. त्याने लगेच हात मागे घेतले.

चर्चचं दार जुनं, जड लाकडाचं, आपोआप न उघडणारं. पाद्रीबाई दाराशी थांबल्या आणि म्हणाल्या, "आधी तुम्ही." ऑर्व्हिलचा हात सवयीने कडीकडे निघाला होता, पण हातात थोरा होती. तो तिला घेऊन सरळ आत गेला, सगळ्यांच्या पुढे, मान ताठ करून. मागे दार मिटायला लागलं म्हणून मार्लिसने ते पटकन धरलं. तिच्यामागून आर्नेचे काका आले, काकू आल्या, शेजारी आले, गाणाऱ्या मुली आल्या, आणि प्रत्येकाला ती म्हणत राहिली, "या, या, आधी तुम्ही." तिला आत यायला पहिलं गाणं संपावं लागलं.